गॅलरीतल्या बाईच्या हातात काय होतं?

तुम्ही कुठे कुठे फिरलात, असं कुणी विचारलं की भिंगकाकू बोटं मोजायला लागत. समुद्रकिनारे चाळीस तरी, बर्फाचे डोंगर पंधरा-सोळा, राजवाडे, धबधबे, तंबू आणि एक वाळवंट, ज्यात उंटावर बसलेल्या माणसाचा चेहरा अगदी रडवेला होता. ऐकणारा तोंडात बोट घालायच्या बेताला आला की काकू सावकाश सांगत, की हे सगळं चार बाय सहा इंचांत. प्रत्यक्षात त्या घरापासून सर्वांत लांब गेल्या होत्या त्या नणंदेच्या लग्नाला, आणि जाताना गाडी लागल्यामुळे तेव्हाही खिडकीबाहेर बघणं झालं नव्हतं.

तीस वर्षं त्यांनी फोटोच्या लॅबमध्ये काढली. लोकांनी सहलीहून आणलेले रोल धुवायचे, निगेटिव्हच्या पट्ट्या यंत्रात लावायच्या, छापून आलेल्या फोटोंचे रंग तपासायचे आणि पाकिटं भरून काउंटरवर पाठवायची. दिवसाला चारशे-पाचशे फोटो डोळ्यांखालून जात. बाकीचे कामगार रंग बघून पुढे सरकत, काकूंना मात्र माणसांत रस. पहिल्या फोटोत नवरा-बायको खेटून उभे आणि छत्तिसाव्या फोटोत दोघांत चार फुटांचं अंतर, तर मधल्या चौतीस फोटोंत बिनसलं कुठे? अमुक पोराच्या पायात चौथ्या फोटोपासून एकच बूट कसा? दुसरा कुठे पडला, आणि आईच्या लक्षात कधी आलं? निगेटिव्ह बघायचं भिंग दोरीने गळ्यात बांधलेलं असे, ते डोळ्याला लावून काकू असल्या चौकशा करत बसत. भिंगकाकू हे नाव तिथलंच. पुढे ते त्यांच्याबरोबर घरीही आलं.

चौकशा कितीही केल्या तरी कामात मात्र नाकावर माशी बसू देत नसत. निगेटिव्हला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक मंद. यंत्रात ते चुकून पालथं लागलं तर फोटो उलटा छापला जातो, आरशात दिसावा तसा. दुकानांच्या पाट्या वाचता येत नाहीत, घड्याळं उजव्या मनगटावर जातात. लॅबमध्ये प्रत्येकाकडून महिन्या-दोन महिन्यांतून एकदा असं व्हायचंच, आणि काकू त्या माणसाला सगळ्यांसमोर असं सोलून काढायच्या, की पुढचे आठ दिवस तो घड्याळ घालायलाही कचरायचा. त्यांच्या स्वतःच्या हातून ही चूक कधी झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. लोकांनी फोटो छापणं सोडलं आणि लॅब बंद व्हायची वेळ आली, तेव्हा निरोपाच्या दिवशी मालक म्हणाले, "बाईंनी तीस वर्षांत एकही निगेटिव्ह उलटं लावलं नाही." टाळ्या झाल्या आणि पितळी कडीचं नवंकोरं भिंग काकूंच्या हातात आलं. ते वाक्य त्यांनी पुढे इतक्या वेळा सांगितलं, की शेजारची पोरंही त्यांच्या मागे म्हणून दाखवायची.

त्याच दिवशी त्यांनी लॅबमधून आणखी एक गोष्ट आणली. कुणी न्यायलाच न आलेल्या फोटोंचं एक बुटांचं खोकं मालक कचऱ्यात टाकायला निघाले होते. काकूंनी ते अक्षरशः त्यांच्या हातातून ओढून घेतलं.

घरी आल्यावर चार दिवसांत त्यांना करमेनासं झालं. पाचव्या दिवशी त्या रंगांची पेटी आणि कागद घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळच्या टेबलावर मांडून बसल्या. चित्रकला कधी शिकल्या नव्हत्या, पण बघणं शिकल्या होत्या. फोटोवर चौकटी आखलेली काच ठेवायची, तेवढ्याच चौकटी मोठ्या कागदावर पेन्सिलीने आखायच्या, आणि एका वेळी एकच चौकट उतरवायची. बाकीचा फोटो पुठ्ठ्याने झाकून. "एकदम सगळं बघितलं की मन मधे लुडबुडतं," असं त्यांचं म्हणणं. "एवढंसं बघितलं की जे आहे तेच निघतं." जे आहे तेच, हा त्यांचा बाणा. आकाश राखाडी असेल तर राखाडी. कोपऱ्यात कुणाचं अर्धं कोपर आलं असेल तर चित्रातही अर्धंच कोपर.

खोक्यातल्या फोटोंचा कंटाळा आला की त्या घरातलं काढत. दारातल्या चपला, समोरच्या इमारतीतल्या खिडकीत वाळणारे मोजे, आणि मटार सोलणारे काका. काका म्हणजे त्यांचे यजमान. शहराच्या बसवर कंडक्टर होते, आता निवृत्त. "मी तीस वर्षं रोज प्रवास केला आणि डेपोच्या पुढे कधी गेलो नाही," असं ते म्हणत. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशातलं पेन सुटलं नव्हतं. चित्रासाठी बसवलं की ते मटार सोलायचे कमी आणि खायचे जास्त, आणि काकू ओरडायच्या, "अहो, ढीग कमी होतोय, मला परत काढावा लागतो!"

चित्र पुरं झालं की काकूंचा खरा उद्योग सुरू व्हायचा. फोटोच्या कडेबाहेर काय असेल? हा माणूस कुणाकडे बघून हसतोय? त्या काकांना विचारत, आणि काका बसमध्ये तिकीट फाडावं तसं उत्तर फाडून देत. "उधारीवाल्याकडे बघून हसतोय. असं हसू दुसऱ्या कुणासाठी येत नाही."

एका फोटोने मात्र दोघांनाही जेरीला आणलं होतं.

कुणीतरी घरातल्या फार जुन्या निगेटिव्हवरून नव्याने छापायला दिलेली, कुठल्याशा जुन्या गावातली एक गल्ली. उजवीकडे बाहेरून वर चढणारा दगडी जिना, त्याच्या तळाशी लोखंडी दार. जिन्याला लागून पहिल्या मजल्यावर गॅलरी, तिच्या कठड्याचा एक गज वाकलेला. गॅलरीत चाळिशीची एक बाई कठड्यावरून ओणवी झालेली. खांद्यावर ओला टॉवेल, उजवा हात वर उचललेला, आणि त्या हातात पांढरं, मुठीएवढं काहीतरी. ती खाली कुणाकडे तरी बघून बोलत होती, तोंड उघडं, पण हसरं होतं, भुवया वर चढलेल्या. ज्याच्याशी बोलत होती तो किंवा ती फोटोच्या डाव्या कडेबाहेर. जिन्याच्या सावलीत एक माणूस किटली घेऊन उभा होता. फोटो काढणाऱ्याला बहुधा नुसती गल्लीच हवी होती, बाई मधे आली होती.

पाकिटावर मालकांच्या अक्षरात लिहिलं होतं, "गिऱ्हाईक म्हणतं, ही जागा आमची नव्हे. परत." काकू म्हणत, लोक आपण कुठे गेलो होतो तेही विसरतात, कमाल आहे.

पण त्या हातात काय होतं? भिंग लावून लावून काकूंना फोटोतले ठिपके दिसायला लागले, वस्तू काही दिसेना.

"बोळा आहे," काका म्हणाले. "नवऱ्याला मारणार आहे."

"नवऱ्याला एवढं हसून कोण मारतं?"

"तू."

शेवटी चित्रातही तिथे ब्रशचा एक पांढरा ठिपका ठेवला आणि काकूंनी हात टेकले.

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई एकदा जुनी पुस्तकं मागायला घरी आल्या आणि भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं बघून तिथेच बसल्या. महिन्याभरात वाचनालयाच्या वाचनकक्षात काकूंची चौदा चित्रं लागली. दहा दिवसांसाठी. चित्रांना नावं काय द्यायची, हे काकूंना सुचेना, म्हणून त्यांनी प्रत्येकाखाली आपल्या मनातला प्रश्नच चिकटवला. दुसरा बूट कुठे आहे? हा माणूस मटार कुणासाठी सोलतोय? आणि गॅलरीच्या चित्राखाली, या बाईच्या हातात काय आहे? टेबलावर एक वही आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल ठेवली, ज्याला उत्तर सुचेल त्याने लिहावं.

लोकांना चित्रांपेक्षा वही जास्त आवडली. गॅलरीच्या बाईपुढे भराभर उत्तरं आली. कबुतर. पत्र. साबण. भांडणाचा मुद्दा. कुणा शाळकरी मुलाने लिहिलं होतं, गणिताची वही, चुरगळलेली. काकू रोज संध्याकाळी जाऊन सगळं वाचत आणि घरी येऊन काकांना ऐकवत.

आठव्या दिवशी वहीत नव्या अक्षरात एक ओळ होती. अक्षर वळणदार, औषधाच्या बाटलीवर लिहावं तसं स्पष्ट. "किल्ली. रुमालात गुंडाळलेली."

काकू वही हातात घेऊन उभ्याच राहिल्या. किल्ली! हे सुचलं कसं नाही आपल्याला? आणि हे लिहिणाऱ्याला सुचलं, की माहीत होतं? रुमालात गुंडाळलेली, हे कुणी अंदाजाने लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्या वाचनालय उघडायच्या आधीच दारात जाऊन उभ्या राहिल्या.

अकराच्या सुमाराला एक बाई आल्या. साठीच्या, केस घट्ट बांधलेले, हातात परत करायची दोन पुस्तकं. पुस्तकं काउंटरवर ठेवून त्या थेट गॅलरीच्या चित्रासमोर गेल्या आणि तिथेच थांबल्या. ग्रंथपाल बाई हळूच म्हणाल्या, "दवाखान्यातल्या सिस्टर. आता निवृत्त झाल्या. उद्या दुपारच्या गाडीने मुलाकडे जाताहेत, कायमच्या."

काकू त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "किल्ली तुम्हीच लिहिलंत ना?"

"हो. तुम्हीच का काढलंय हे?" सिस्टरांनी मान वळवली नाही. "लिहिलं खरं. आता वाटतंय, उगाच लिहिलं."

"का हो? मी दोन वर्षं डोकं फोडतेय त्या ठिपक्यावर. तुम्हाला कसं कळलं?"

सिस्टरांनी चित्रातल्या लोखंडी दाराकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "आमच्या घराला असाच जिना होता. खाली लोखंडी दार, त्याला कुलूप. आईचे गुडघे दुखायचे, तिला चढउतार जमायची नाही. मी शाळेतून आले की खालून हाक मारायची, आणि ती किल्ली रुमालात गुंडाळून वरून टाकायची. नुसती टाकली तर दगडावर आपटून वाकते, म्हणून रुमाल. टाकताना रोज ओरडायची, वर बघ, वर बघ, लक्ष कुठाय तुझं?"

"म्हणजे ही तुमची आई!" काकूंचा आवाज एवढा चढला, की वर्तमानपत्र वाचणारे दोघे वळून बघायला लागले.

"तेच तर कळत नाहीये." सिस्टरांनी चष्मा काढून पुसला. "काल बघितलं आणि तशीच वहीपाशी गेले. तीच भुवई. कठड्याचा गजही वाकलेला. मी त्याच्यात डोकं अडकवलं होतं लहानपणी. पण मग नीट बघितलं. आमचा जिना डावीकडे होता, हा उजवीकडे आहे. आणि आई डावखुरी होती. डाव्या हातानेच टाकायची, म्हणून मी नेहमी उजव्या अंगाला उभी राहायची. डाव्या अंगाला जिन्याजवळ उघडं गटार होतं, तिकडे टाकली असती तर किल्ली गटारात. इथे सगळं जुळतंय आणि काहीच जुळत नाही."

"घरी फोटो असेल ना आईचा? ताडून बघा."

"एकही नाही. कॅमेरा दिसला की दाराआड जायची. एक होता ओळखपत्रावरचा, तो घर बदलताना हरवला. आता चेहरा आठवायला गेलं तर नुसता आवाज आठवतो, चेहरा येत नाही." त्यांनी चष्मा परत लावला. "तुम्ही चित्र काढताना बाजू बदलली असेल का?"

"छे! मी जे आहे तेच काढते. एक रेघ इकडची तिकडे नाही."

"मग मूळ फोटोच उलटा छापला असेल? असं होतं म्हणे कधी कधी."

इथे काकूंचं डोकं फिरलं. म्हणजे आवाज चढला नाही, उलट खाली आला, जो जास्त वाईट. "होतं. पण तो फोटो मी स्वतः छापलाय. आणि माझ्या हातून तीस वर्षांत एकही निगेटिव्ह उलटं लागलेलं नाही. विचारा कुणालाही."

सिस्टरांनी मान हलवली. पेशंटच्या नातेवाइकांना नको ती बातमी सांगायची सवय असलेल्या बाई त्या, स्वतः ऐकतानाही त्यांचा चेहरा हलला नाही. "मग ती नाही," त्या म्हणाल्या. "बरं झालं विचारलं. दोन दिवस उगाच जीव गुंतला होता." टेबलाजवळ जाऊन त्यांनी सुतळीची पेन्सिल उचलली, किल्लीच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि निघून गेल्या.

काकू घरी आल्या त्या घुश्शातच. काकांनी दार उघडलं, तोंड बघितलं आणि चहाचं पातेलं चढवलं.

"मला म्हणे उलटं छापलं असेल! मला!"

"कोण म्हणे?"

काकूंनी सगळं सांगितलं. सांगता सांगता घुस्सा उतरला आणि दुसरंच काहीतरी टोचायला लागलं. ती आडवी रेघ डोळ्यांसमोरून हलेना. आपण बरोबर आहोत हे एकदा सिद्ध करून टाकावं, म्हणजे जीव थंड होईल, असं म्हणून त्यांनी खोकं काढलं, फोटो काढला, चौकटींची काच ठेवली आणि भिंग डोळ्याला लावलं. पाटी कुठेच नव्हती. बाईच्या हातात घड्याळ नव्हतं. गल्लीत अक्षर म्हणून नव्हतं. उलटा असल्याची खूण एकही सापडेना, तसा काकूंचा चेहरा उजळत चालला. आता राहिला होता फक्त जिन्याच्या सावलीतला किटलीवाला माणूस.

भिंग तिथे आलं आणि थांबलं. त्या माणसाच्या शर्टाला खिसा होता, तिळाएवढा. त्यातून पेनाचं टोपण डोकावत होतं.

"अहो, इकडे या. असे माझ्याकडे तोंड करून सरळ उभे राहा."

"पातेलं उतू जाईल."

"जाऊ दे. उभे राहा."

काका उभे राहिले. काकूंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा फोटोकडे, पुन्हा त्यांच्याकडे. "तुमचा खिसा कुठल्या बाजूला आहे?"

"जगाचा असतो त्याच बाजूला. डाव्या."

"याचा उजव्या बाजूला आहे," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या.

चहा खरोखरच उतू गेला. काकांनी गॅस बंद केला, फोटो उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ न्याहाळला. "चित्रात कुठे काढलायस खिसा?"

काकूंनी डोळे मिटून चित्र आठवलं. "डावीकडे. जिथे असतो तिथे."

"आणि म्हणे, जे आहे तेच." काका हसले नाहीत, पण त्यांना फार कष्ट पडले. "म्हणजे हाताने चूक पकडली होती. फक्त मालकिणीला कळवलं नाही."

काकूंनी पाकीट पुढे ओढलं. पाकिटावरची मालकांची ओळ त्यांनी पुन्हा वाचली. गिऱ्हाईक म्हणतं, ही जागा आमची नव्हे. बिचारं बरोबर म्हणत होतं. गल्ली उलटी करून हातात दिल्यावर माणूस ओळखणार कशी? आणि आपण त्यालाच विसरभोळा म्हणत होतो.

"कुणाला कळणार आहे हे?" त्या अखेरीस म्हणाल्या.

"कुणालाच नाही," काका म्हणाले. "सिस्टरांना तर नाहीच नाही."

त्यांना लाज वाटत होती, आणि ती निगेटिव्हची नव्हती. दिवसाला पाचशे फोटो छापणाऱ्याचा हात एकदा चुकणार, त्यात काय. लाज याची होती, की आयुष्यभर दुसऱ्याचं कुसळ भिंगाने शोधलं, आणि एक बाई समोर उभी राहून आपली आई मागत होती, तेव्हा आपण साधं बघितलंही नाही. न बघता नाही म्हणून मोकळ्या झालो. का, तर एका वाक्यावर कधीतरी टाळ्या पडल्या होत्या.

"दुसरं चित्र काढते सरळ," त्या उठत म्हणाल्या.

"उद्या दुपारच्या गाडीच्या आत? तुला एक कोपर काढायला दोन दिवस लागतात."

काकू घरभर फिरल्या. न्हाणीघराच्या दारात थांबल्या. आत काकांचा दाढीचा आरसा होता, दोन फुटी, चार स्क्रूंनी भिंतीत बसवलेला.

"नको," काका म्हणाले. "नाही. मी दाढी कशात बघून करू?"

पण स्क्रू काढायचा पेचकस शोधायला तेच गेले.

सकाळी दोघं आरसा चादरीत गुंडाळून बसने निघाले. तरुण कंडक्टरने काकांना ओळखलं आणि तसंच जाऊ दिलं असतं, पण काकांनी हट्टाने सामानाचं तिकीट फाडायला लावलं. बसमध्ये सवलत हा शब्द त्यांना कधी सहन झाला नव्हता. वाचनालयात पोचल्यावर ग्रंथपाल बाईंनी सिस्टरांना फोन लावला. काकू तोवर चित्राखालचा प्रश्न काढून तिथे नवी चिठ्ठी चिकटवत होत्या. त्यावर लिहिलं होतं, "या बाईच्या हातात किल्ली आहे. चित्र उलटं आहे. निगेटिव्ह मी पालथं लावलं होतं." खाली ठळक अक्षरात सही केली होती.

सिस्टर आल्या त्या प्रवासाच्या कपड्यांत, खांद्याला बॅग लावून. काकूंनी प्रस्तावना केली नाही. "सिस्टर, काल मी न बघता बोलले. फोटो उलटा आहे. चूक माझी आहे. जिना डावीकडेच होता तुमचा."

सिस्टरांनी चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. चित्राकडे मात्र त्यांना बघवेना, जणू पुन्हा जीव गुंतवायची भीती वाटत होती.

"चित्राकडे पाठ करा," काकू म्हणाल्या. "बॅग द्या इकडे. अहो, आरसा धरा. वर. अजून थोडा वर."

काकांनी आरसा छातीसमोर धरला. आधी त्यात सिस्टरांचा स्वतःचाच चेहरा दिसला, थोडा वैतागलेला. मग काकूंनी आरशाची कड हलकेच तिरकी केली आणि त्यांच्या खांद्यामागून गल्ली वर आली. जिना डावीकडे. वाकलेला गज जिथे हवा तिथे. आणि गॅलरीतून ओणवी झालेली बाई, खांद्यावर ओला टॉवेल, डावा हात उचललेला.

खुर्च्यांवरची माणसं वर्तमानपत्रं खाली ठेवून बघत होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सिस्टर एक पाऊल उजवीकडे सरकल्या आणि गुडघ्यांत किंचित वाकल्या, आठ-नऊ वर्षांच्या मुलीची उंची होईल एवढ्या. आता आरशात त्यांचा चेहरा अगदी खालच्या उजव्या कोपऱ्यात होता, आईच्या हाताच्या बरोबर खाली. फोटो काढणाऱ्याने ज्या कडेला गल्ली कापली होती, त्या कडेशी.

"इथेच उभी असायची मी," त्या म्हणाल्या. "फोटो काढला तेव्हाही असेन. लक्ष कुठाय तुझं म्हणते, ते मलाच." आणि मग त्या रडल्या, दवाखान्यात कधी रडल्या नसतील तशा, नाक ओढत आणि हसत.

काकूंचेही डोळे भरले होते. भिंग पुसायचं निमित्त करून त्यांनी ते पुसले. आरसा धरून हात भरून आलेल्या काकांना गप्प बसवेना. "किटलीवाल्याचा खिसा तेवढा चुकलाय आता," ते म्हणाले.

"तो दूधवाला," सिस्टर आरशातून नजर न काढता म्हणाल्या. "त्याच्या खिशाकडे कोण बघतंय?"

थोड्या वेळाने त्यांनी वहीजवळ जाऊन, रेघ मारलेल्या ओळीखाली तेच शब्द पुन्हा लिहिले. काकूंनी खूण केली तसं ग्रंथपाल बाईंनी चित्र सिस्टरांना न्यायला भिंतीवरून उतरवून कागदात बांधायला घेतलं.

"महिन्याभराची मुदत द्या," काकू म्हणाल्या. "दुसरं काढून पाठवते. सगळं सरळ. खिशासकट."

"नको," सिस्टर म्हणाल्या. "सरळ काढलंत तर त्यात नुसती आई दिसेल. हेच राहू दे. आरशात बघितलं की आम्ही दोघी दिसतो."

काकूंनी काकांकडे बघितलं. काकांनी हातातल्या आरशाकडे बघितलं, तो पुन्हा चादरीत गुंडाळला आणि चित्राशेजारी ठेवला. मग पेनाशेजारी खिशात जपून ठेवलेले चारही स्क्रू काढले आणि सिस्टरांनी पुढे केलेल्या ओंजळीत टाकले.